स्वदेशीची कसोटी आपल्या अंगणात हवी

पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावच्या परिसरात असलेले आर्वी हे जुन्नर तालुक्यातील एक लहान गाव. भारताच्या दूरसंचाराच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान मोठे आहे. उपग्रहाच्या साहाय्याने परदेशांशी दूरध्वनी-संपर्क साधणारे देशातील पहिले व्यापारी भू-केंद्र सत्तरच्या दशकाच्या आरंभी येथेच उभे राहिले. सुमारे ३० मीटर व्यासाची प्रचंड डिश अँटेना हे त्याचे वैशिष्ट्य. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव या केंद्राला देण्यात आले. तत्पूर्वी परदेशी बोलायचे तर लघुलहरींच्या रेडिओवर विसंबावे लागे. आधी नोंदणी करायची, तासन्‌तास ताटकळायचे आणि शेवटी खरखरीतून चार शब्द कानी पडले तर समाधान मानायचे, अशी स्थिती होती. आर्वीने ती पालटली.

या केंद्राच्या इतिहासातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या काळी इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या उपग्रहाशी जोडून घेणाऱ्या प्रत्येक भू-केंद्राला ठरावीक मानकांची पूर्तता सिद्ध करून दाखवावी लागे. अँटेना कितीही भव्य असो, तिने पाठविलेला संकेत समोरच्या केंद्राला जसाच्या तसा उमगतो की नाही, याची परीक्षा झाल्याखेरीज वाहतूक सुरू होत नसे. त्या परीक्षेत भारतीय अभियंते उतरले. राष्ट्राभिमानाने ऊर भरून यावा असा तो क्षण होता. पण अभिमानाच्या आधी कसोटी होती, हे विसरता कामा नये.

आज दूरध्वनीचे स्वरूप आमूलाग्र बदलले आहे. आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून धाडायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. या क्षेत्रात स्वदेशी उपकरणे, स्वदेशी संगणकप्रणाली, स्वदेशी जाळे यांचा उद्घोष आपण करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आपण बनविलेले यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी नीट बोलते की नाही, हे पडताळण्याची खुली सोय आपल्या देशात, आपल्या तरुणांना, घरबसल्या उपलब्ध आहे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, आणि स्वदेशीच्या संपूर्ण चर्चेतील हा कच्चा दुवा आहे.

यंत्रांचे व्याकरण

दोन माणसे दूरध्वनीवर बोलू लागण्यापूर्वी त्यांची यंत्रे एकमेकांशी बोलून घेतात. त्या बोलण्याचे नियम ठरलेले असतात. इंटरनेट दूरध्वनीच्या बाबतीत आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या नियमावलीला ‘सिप’ म्हणतात. १९९९ साली तिची पहिली आवृत्ती आली. जून २००२ मध्ये ‘आरएफसी ३२६१’ या क्रमांकाने तिचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले आणि आजही तोच तिचा पाया आहे. तिचे संभाषण मोठे सुबोध आहे. एक यंत्र ‘इन्व्हाइट’ असे निमंत्रण धाडते. दुसरे ‘१८०’ हा आकडा पाठवून ‘घंटा वाजते आहे’ असे कळविते. कोणी फोन उचलला की ‘२००’ हा होकार जातो. पहिले यंत्र ‘अ‍ॅक’ म्हणून पोच देते आणि मग आवाज वाहू लागतो. बोलणे संपले की ‘बाय’.

ही केवळ इंटरनेटवरील हौशी मंडळींची गोष्ट राहिलेली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती मुळात ४जी जाळ्यावरील आवाजाच्या बळावर. त्या ‘व्होल्टी’ पद्धतीच्या मुळाशी हीच सिप नियमावली आहे. म्हणजे घोडेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींच्या पदराआडच्या भ्रमणध्वनीपर्यंत ती पोहोचली आहे.

नियम सर्वांना ठाऊक असताना संवाद तुटतो कसा, असे कोणीही विचारील. मराठी वाचकाला याचे उत्तर स्वानुभवाने ठाऊक आहे. संगणकावर मराठी आले तेव्हा प्रत्येक कंपनीचा टंक निराळा आणि त्याची आतली मांडणीही निराळी होती. एका कार्यालयात लिहिलेला लेख दुसऱ्या कार्यालयात उघडला की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटत. मराठी दोघांचीही होती, पण यंत्रांचे एकमत नव्हते. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक जाहीर झाले आणि पुढे युनिकोड रुळले; तरी मधली कित्येक वर्षे मुद्रक, संपादक आणि लेखक या गोंधळात होरपळले. मानक कागदावर असणे आणि ते सर्वांच्या यंत्रांत एकसारखे उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या काळाचा धडा आहे.

नियम पाळूनही बोलणे का तुटते?

इंटरनेट दूरध्वनीतही हेच घडते. काही उदाहरणे पाहिली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येईल.

फोन लागतो, बोलणे सुरू होते आणि नेमक्या ३२ सेकंदांनी तुटते. ग्राहक जाळ्याला दोष देतो. वस्तुत: ‘२००’ या होकाराची पोच परत पोहोचलेली नसते. नियमावलीनुसार होकार देणारे यंत्र तो वारंवार पाठवीत राहते आणि ३२ सेकंदांपर्यंत पोच न आल्यास संभाषण संपविते. चूक पोच कोणत्या पत्त्यावर धाडायची हे समजून घेण्यात असते.

दुसरे उदाहरण एकतर्फी आवाजाचे. आपले बोलणे पलीकडे ऐकू जाते, पलीकडचे आपल्याला येत नाही. घरातील किंवा कार्यालयातील इंटरनेटच्या पेटीआड असलेल्या यंत्राला खासगी पत्ता मिळालेला असतो. तोच पत्ता ते भोळेपणाने समोरच्याला कळविते, आणि समोरचा त्या पत्त्यावर आवाज धाडत बसतो. गल्लीतल्या घराचा क्रमांक सांगितला पण गावाचे नावच सांगितले नाही, अशातला हा प्रकार.

तिसरे उदाहरण ‘मराठीसाठी एक दाबा’ या सूचनेचे. बँका, वीज मंडळ, पीकविमा, सर्वत्र आज हीच पद्धत आहे. पण दाबलेला आकडा पाठविण्याच्या तीन निरनिराळ्या रीती आहेत: आवाजातच मिसळून, आवाजाच्या प्रवाहात वेगळे तुकडे करून, किंवा सिपच्या निरोपातून. एका यंत्राने एक रीत धरली आणि दुसऱ्याने दुसरी, की शेतकरी कितीही वेळा ‘एक’ दाबो, पलीकडे काहीच पोहोचत नाही.

यापैकी कितीतरी प्रसंगी दोन्ही यंत्रांनी आपापल्या परीने नियम पाळलेले असतात. मानकाशी सुसंगत असणे वेगळे आणि परस्परांशी संवाद साधता येणे वेगळे. पहिल्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. दुसरे केवळ प्रत्यक्ष बोलून पाहिल्यानेच कळते.

कसोटीची परंपरा

ज्यांनी इंटरनेटची मानके घडविली त्यांना याची जाणीव प्रथमपासून होती. १९९६ सालच्या त्यांच्या कार्यपद्धतीतच असा दंडक होता की, एखाद्या प्रस्तावाला पुढच्या पायरीवर न्यायचे असेल तर स्वतंत्रपणे तयार केलेल्या किमान दोन प्रणाली एकमेकींशी यशस्वीपणे बोलल्या पाहिजेत. केवळ विद्वानांच्या समितीने मान डोलावली म्हणून मानक सिद्ध होत नसे.

सिपच्या बाबतीत १९९९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पहिला मेळावा भरला. निरनिराळ्या संस्थांचे अभियंते आपापली उपकरणे घेऊन आले, ती एका जाळ्यात जोडली आणि एकमेकांना फोन लावून पाहिले. कोठे बिघडले याची चर्चा झाली आणि दुरुस्त्या झाल्या. हाच मेळावा पुढे ‘सिपइट’ या नावाने नियमित भरू लागला. बाजारातील प्रतिस्पर्धी येथे शेजारी बसून एकमेकांच्या चुका दाखवीत. २००६ च्या मे महिन्यात अशाच अनुभवांतून ‘आरएफसी ४४७५’ हा संच प्रसिद्ध झाला. मुद्दाम अवघड, वेडेवाकडे, पण पुष्कळदा नियमांत बसणारे निरोप त्यात दिले आहेत. यंत्राला छळून पाहणारी ती प्रश्नपत्रिका आहे.

परंतु मेळाव्याला मर्यादा असते. तेथे पोहोचण्यासाठी विमानाचे भाडे, परदेशी चलन आणि आठवडाभराची सवड लागते. मोठ्या कंपनीला ते परवडते. मंचरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या कार्यालयात काम करणाऱ्या तिघा अभियंत्यांना परवडत नाही. याचे उत्तर इंटरनेटनेच दिले. कसोटी घेणारी संगणकप्रणाली महाजालावर अहोरात्र चालू ठेवायची. ज्याला आपले यंत्र तपासायचे असेल त्याने आपल्या जागेवरून तिच्याशी ते जोडायचे. ती प्रणाली मग एकामागून एक प्रसंग उभे करते. सरळ फोन, व्यस्त फोन, उचलण्यापूर्वीच ठेवलेला फोन, मध्येच थांबवून ठेवलेला, तिसऱ्याकडे वळविलेला. हरवलेली पोच, अर्धवट निरोप, अनोळखी मजकूर. यंत्राने प्रत्येक वेळी काय उत्तर दिले, किती वेळाने दिले, याची नोंद होते आणि अखेरीस एक प्रगतिपुस्तक हाती येते. ते कोणाला दाखवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. चूक सुधारावी आणि त्याच रात्री पुन्हा परीक्षेला बसावे. शंभरदा नापास झाले तरी लाज नाही, कारण परीक्षक यंत्र आहे आणि परीक्षार्थी आपल्याच घरात आहे. यालाच स्वपरीक्षण म्हणायचे.

आपण कोठे आहोत?

भारताने या क्षेत्रात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८४ साली ‘सी-डॉट’ची स्थापना झाली. धूळ, उन्हाळा आणि विजेचा लपंडाव सोसणारी ग्रामीण दूरध्वनी-केंद्रे त्या संस्थेने घडविली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे त्यांतील पहिले कार्यान्वित झाले. देशात आधीपासून असलेल्या परदेशी बनावटीच्या जुन्या यंत्रणांशी या स्वदेशी केंद्रांना जुळवून घ्यावे लागले, आणि ते त्यांनी साधले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण केले. त्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची आणि जुळणी टीसीएसची. तीन संस्थांची कामे एकत्र नांदवायची म्हणजे परस्परसंवादाचीच परीक्षा होती.

धोरणाची वाटचाल मात्र मंदगतीची ठरली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीला आपल्याकडे परवानगी मिळाली, पण तिला मोठे कुंपण होते. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातील फोनवर बोला. देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलू नका, असा तो दंडक होता. २००८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हे बंधन काढण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने पुन्हा शिफारशी केल्या आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत तशी दुरुस्ती केल्यावर वाट मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. पहिल्या परवानगीपासून येथवर यायला सोळा वर्षे लागली. या सोळा वर्षांत देशातील फोनशी जोडून पाहण्याची मुभाच नसल्याने आपल्या अभियंत्यांच्या एका पिढीला या विद्येचा घरचा सराव मिळाला नाही. त्यांनी परदेशी कंपन्यांसाठी उत्तम काम केले, पण स्वत:च्या अंगणात खेळायला मैदान नव्हते.

प्रमाणीकरणाची व्यवस्था आज आहे. २०१७ च्या नियमदुरुस्तीने दूरसंचार उपकरणांची चाचणी बंधनकारक केली आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून तिचा पहिला टप्पा लागू झाला. टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटर या सरकारी संस्थेकडे हे काम सोपविण्यात आले. त्याची आवश्यकता वादातीत आहे. पण प्रमाणपत्र ही अखेरची परीक्षा झाली. उपकरण पूर्ण तयार करावे, प्रयोगशाळेकडे द्यावे, शुल्क भरावे आणि निकालाची वाट पाहावी. जो अजून घडवितो आहे, चुकतो आहे, शिकतो आहे, त्याला रोजच्या सरावाची परीक्षा हवी असते. तालमीत घाम न गाळता थेट आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानाचे जे होते, तेच अशा उपकरणाचे होईल.

परदेशांतील खुल्या कसोट्या वापराव्यात, असे कोणी सुचवील. अवश्य वापराव्यात, ज्ञानाला सीमा नसतात. पण त्या कसोट्यांत आपले प्रश्न नसतात. वर उल्लेखिलेल्या २००६ च्या संचात एक निरोप रशियन अक्षरांतील मजकुराचा आहे, कारण ती गरज कोणाला तरी जाणवली. देवनागरीतील नाव फोनच्या पडद्यावर सुखरूप उतरते का, जोडाक्षर फुटते का, हे कोणी तपासायचे? १५ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे घरच्या स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. परदेशी कसोटीला हा शून्य कशाला ठाऊक असेल? आपल्या प्रश्नांची प्रश्नपत्रिका आपणच काढली पाहिजे.

जुन्नर-आंबेगावने का बोलावे?

ही चर्चा पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांपुरती आहे, असा समज होण्याचा संभव आहे. उलट तिची निकड जुन्नर आणि आंबेगावसारख्या तालुक्यांना अधिक आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जगातील एक आगळी दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून साकारलेल्या ‘जीएमआरटी’मध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. तीस अँटेनांचे संकेत एकाच कालमापनाने, एकाच रीतीने जुळले तरच आकाशाचे चित्र उमटते. एक जरी आपल्याच तालात गाऊ लागली तरी चित्र बिघडते. परस्परांशी जुळण्याचे याहून भव्य उदाहरण दुसरे कोठे शोधायचे?

या दुर्बिणीला रेडिओ-शांतता हवी असते. तिच्या निरीक्षणाच्या पट्ट्यातच भ्रमणध्वनीच्या काही लहरी येतात. म्हणून या टापूत मनोरे आणि विद्युत-गोंगाट करणारे उद्योग यांच्यावर मर्यादा घालाव्या लागतात. राष्ट्राच्या विज्ञानासाठी येथील जनता ही झळ सोसते आहे. अशा प्रदेशाला जमिनीखालून जाणारी ऑप्टिकल फायबर आणि तिच्यावरून चालणारा दूरध्वनी हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ सालीच मंजूर केली, आणि तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. तारेवरून आवाज नेला तर दुर्बिणीची शांतता राखूनही गाव बोलू शकेल. शिवाय कसोटीचे आणि आज्ञावली लिहिण्याचे काम धूर, ठिणगी किंवा मोठी यंत्रे मागत नाही. येथील तरुणाला ते गावात राहून करता येईल.

दुसरे कारण जीवनमरणाचे आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या अनर्थाची वार्ता बाहेर पोहोचली ती नेहमीप्रमाणे गावाकडे आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. जेथे गाव होते तेथे त्याला चिखल दिसला. फोन असता तर डोंगर थांबला असता असे नाही. पण सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यावस्त्यांना भरवशाचा फोन किती आवश्यक आहे, हे सांगायला याहून अधिक काय हवे? उसाच्या फडात बिबट्या दिसला की वनखात्याचा १९२६, अपघात झाला की १०८, कोणतेही संकट आले की ११२. हे तीन-चार अंकी क्रमांक म्हणजे या भागाची जीवनवाहिनी आहे.

आणि नेमके हेच क्रमांक इंटरनेट दूरध्वनीच्या प्रणालीत सर्वांत आधी फसतात. दहा अंकांची सवय लावलेली प्रणाली ११२ ला अपुरा क्रमांक समजून नाकारू शकते. त्याच्या आधी देशाचा किंवा शहराचा क्रमांक जोडून तो भलतीकडे नेऊ शकते. फोन करणारा भीमाशंकरच्या घाटात असताना दूरच्या शहरातील सर्व्हरचा पत्ता त्याचा म्हणून दाखवू शकते. २०१७ च्या शिफारशींत नियामक प्राधिकरणाने इंटरनेट दूरध्वनीवरून आपत्कालीन क्रमांक देणे तूर्त बंधनकारक करू नये, ग्राहकांना या मर्यादेची कल्पना द्यावी, असेच सुचविले होते. त्या वेळच्या तांत्रिक अडचणी पाहता ते समजण्यासारखे होते. पण अडचण आहे म्हणून ती कायमची मान्य करायची की, ती दूर झाली का हे रोज तपासता येईल अशी सोय करायची? ११२ वर प्रत्यक्ष फोन लावून चाचणी घेणे हा अपराधच ठरेल. तेथे खऱ्या संकटातील माणूस ताटकळेल. म्हणूनच हुबेहूब ११२ सारखी वागणारी कसोटी-प्रणाली हवी. आपल्या उपकरणाने क्रमांक बरोबर ओळखला का, ठिकाण बरोबर कळविले का, हे ती कोणालाही त्रास न देता सांगेल.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप येतील, आणि ते विचारात घेतले पाहिजेत. स्वत:च स्वत:ची परीक्षा घेतली तर तिच्यावर विश्वास कोणी ठेवायचा? उत्तर साधे आहे. स्वपरीक्षण हे प्रमाणपत्राला पर्याय नाही. ती त्याची पूर्वतयारी आहे. प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी ढोबळ चुका घरीच निस्तरल्या तर प्रयोगशाळेचा वेळ वाचेल आणि उद्योजकाचे पैसेही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. खुल्या कसोटी-प्रणालीचा गैरवापर होईल, तिच्यातून कोणी फुकट परदेशी फोन लावील. ही भीती रास्त आहे. म्हणून अशी प्रणाली सार्वजनिक दूरध्वनी-जाळ्याशी जोडूच नये. तिच्यातील क्रमांक कल्पित असावेत, वापरणाऱ्याची नोंदणी असावी, वेगावर मर्यादा असावी. तालमीतली तलवार बोथटच असते.

तिसरा आक्षेप असा की, बाजारच हे काम करील. बाजाराचा अनुभव मात्र निराळा आहे. आज जगभर कोट्यवधी माणसे ज्या अ‍ॅपवरून बोलतात, त्या एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपला फोन लावण्याची सोय सर्वसाधारणपणे नाही. प्रत्येकाने आपापले बेट राखले आहे. युरोपीय संघाला त्यासाठी डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट करावा लागला; त्यातील बंधने मार्च २०२४ पासून लागू झाली, आणि प्रथम लिखित संदेश, काही वर्षांनी आवाज, अशा पायऱ्या त्याने घालून दिल्या. मोठ्याला जुळवून घेण्याची निकड नसते. ती लहानाला असते. आपल्याकडेही २०१६ साली जाळ्या-जाळ्यांतील जोडणीवरून वाद झाला आणि नियामक प्राधिकरणाने तीन कंपन्यांवर मिळून ३०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. तो वाद जोडणीच्या क्षमतेचा होता, नियमांच्या अर्थाचा नव्हता. पण फोन लागत नसलेल्या ग्राहकाच्या हाती दोष कोणाचा हे दाखविणारा पुरावा नव्हता, हे सत्य उरतेच. खुली कसोटी असा पुरावा निर्माण करते.

काय करावे?

मागणी फार मोठी नाही. सी-डॉट किंवा टेलिकॉम इंजिनिअरिंग सेंटर यांपैकी एकाने इंटरनेट दूरध्वनीसाठी अहोरात्र चालणारी, विनाशुल्क, खुली स्वपरीक्षण-प्रणाली उभारावी. तिची आज्ञावली सर्वांना पाहता येईल अशी असावी, म्हणजे परीक्षकाचीही परीक्षा होत राहील. भारतीय क्रमांकांच्या रीती, आपत्कालीन क्रमांक आणि देवनागरीसह सर्व भारतीय लिप्या तिच्या प्रश्नपत्रिकेत असाव्यात. निकालाचा अहवाल आणि मार्गदर्शिका मराठीतही मिळावी. यंत्र कोठे चुकले हे मातृभाषेत कळले तर ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थीही या विद्येला हात घालील. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मानके आणि त्यांच्या पडताळणीची व्यवस्था ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. तेव्हा कायद्याची अडचण नाही. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वर्षातून एकदा मेळावा भरवावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रणाली एकमेकांना जोडून पाहाव्यात. आर्वी आणि खोडद ज्या तालुक्यात आहेत तेथे असा मेळावा भरणे औचित्याचेच ठरेल.

आपल्या या भूमीला अशा जुळवणुकीचा वारसा आहे. जुन्नर ही सातवाहन काळातील व्यापारी नगरी. कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून येथे येई. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे आणि त्यात दानांची मोजदाद ब्राह्मी अंकांत कोरलेली आहे. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत यवन दात्यांचीही नावे आढळतात. समुद्रापलीकडून आलेल्या त्या माणसांनी आपली नावे कोरली ती येथील लिपीत, येथील प्राकृतात. अंक ठरलेले, लिपी ठरलेली, म्हणून परका माणूसही व्यवहारात सामील होऊ शकला. आणि ती लिपी, ते अंक आपले होते. ज्याच्या घरी मापे असतात, त्याच्या दारात बाजार भरतो.

आर्वीच्या केंद्राने पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्याने घातलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन दाखविली. आता परीक्षा घेण्याची सिद्धताही आपल्यापाशी हवी. आपण बनविलेले प्रत्येक यंत्र जगातील कोणत्याही यंत्राशी निर्दोष बोलते, हे जगाला सांगण्यापूर्वी आपले आपल्याला ठाऊक असले पाहिजे. दूरसंचार विभागाने या दिशेने पहिले पाऊल टाकावे आणि जुन्नर-आंबेगावच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी आग्रह धरावा. डोंगरातल्या एखाद्या वस्तीवरून पावसाळी रात्री ११२ फिरविला जाईल तेव्हा तो लागलाच पाहिजे. आणि तो लागेल की नाही, हे त्या रात्री कळून उपयोगाचे नाही.